गिरिजाक्काची बरणी

"कला, ही बघ तुझी सासू," असं म्हणून मामांनी चिखलाचा एक लगदा माझ्या पायाशी टाकला.

मामा म्हणजे माझे सासरे, मल्लाप्पा. आमच्या गडहिंग्लजकडं सासऱ्याला मामा आणि सासूला आत्ती म्हणतात, गाव मात्र त्यांना अण्णा म्हणायचं. आदल्या दिवसापासून आषाढाचा पाऊस कोसळत होता. ओढ्याचं पाणी वेशीजवळच्या मोरीतून न जाता उलटं फिरून खालच्या आळीत शिरलं होतं. सकाळी उघडीप मिळाल्यावर गडी माणसं खोरी घेऊन मोरी उपसायला लागली, आणि धोतर गुडघ्याच्या वर खोचून मामाही आत उतरले. मी पायानं लगदा उलटा केला. लोणच्याची रिकामी पाकिटं होती, एकमेकांना चिकटलेली. वरच्या पाकिटावर ठसठशीत कुंकू लावलेल्या माझ्या सासूबाई हसत होत्या. खाली लिहिलेलं, 'गिरिजाक्का लोणचे. घरची चव.'

मोरीत दुसरं काही नव्हतंच म्हटलं तरी चालेल. खोऱ्यामागून खोरं सासूबाईच बाहेर येत होत्या.

"अण्णा," वर उभा असलेला एकजण म्हणाला, "अक्का मेल्या, पर गाव सोडाय तयार न्हाईत बगा!"

माणसं हसली. मामाही हसले. मग त्यांनी एक पाकीट वाहत्या पाण्यात धरून धुतलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि काठावर सुकत ठेवलं. मग दुसरं धुतलं. मग तिसरं. तेव्हा हसणाऱ्यांनी पुन्हा खोरी उचलली.

सासूबाई गेल्या त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. जिवंतपणी त्यांनी लोणच्याची एक फोडही कधी विकली नाही. कुणाच्या घरी बाळंतीण असो, कुणाच्या तोंडाची चव गेलेली असो, गिरिजाक्काची वाटी तिथं पोचायचीच. लोणच्याचा त्यांचा हात मी आंब्याच्या दोन हंगामांत उचलला, आणि त्या गेल्यावर माझ्या नवऱ्यानं, बसवराजनं, त्याचा धंदा केला. पाकिटं भरायचं मशीन आणलं, कोल्हापुरातून फोटो छापलेला रोल आणला. धंदा चांगला चालला, खोटं कशाला बोलू. पाच रुपयांच्या पाकिटापासून किलोच्या पाकिटापर्यंत सगळं खपायचं. लोणचं पोटात जायचं आणि पाकीट जिथं फाडलं तिथंच पडायचं. मिठाच्या चवीला गुरं ती चघळायची. उरलेली ओढ्यात जायची.

मामांनी पोतंभर पाकिटं गोळा करून भंगारवाल्याकडं नेली. तो म्हणाला, "अण्णा, तेलकट हाय, आतनं चांदी लावल्याली. ह्येचं कायबी हुईत न्हाई. बाटल्या असत्याल तर द्या." पोतं परत आलं. जाळावं तर त्यांना तो चेहरा जाळवेना. आमच्या ह्यांनी सुचवलं, परड्यात खड्डा काढून पुरून टाकू.

"एकदा मातीत ठिवून आलोय तिला," मामा म्हणाले. "ती माती झाली. ही हुणार न्हाई."

त्या संध्याकाळी बापलेकांची जुंपली. मी चुलीपाशी बसून ऐकत होते.

"मशीन बंद कर," मामा म्हणाले. "तिचं तोंड गटारात नगो."

"फोटो काढून टाकतो. नुसतं नाव ठेवू."

"आणि नाव गटारात चालंल व्हय?"

"अण्णा, जरा धंद्याचं बघा की. पाकिटात माल वर्षभर टिकतो. पुण्या-मुंबईला जातो, सांडत न्हाई, फुटत न्हाई. ज्याच्याजवळ पाचच रुपये हाईत त्यानं काय बरणी घ्यायची?"

ह्यांचं काही चुकत नव्हतं. ते मामांनाही कळत होतं, म्हणून ते जास्तच चिडले. शेवटी तोड निघाली. चिनी मातीच्या बरण्या आणायच्या, लोणचं त्यातून द्यायचं, रिकामी झाली की बरणी परत. मार्गशीर्षापर्यंत बघायचं. बरण्या परत फिरल्या तर मामांचं खरं. नाही फिरल्या तर मशीन सुरू, मग पाकिटावर फोटो असो नाहीतर नाव असो, मामांनी चकार शब्द काढायचा नाही.

"शब्द?" ह्यांनी विचारलं.

"शब्द," मामा म्हणाले. "गाव आपलं हाय. गाव भांडं बुडवत न्हाई."

किलोच्या बरण्या आल्या. गावातल्या बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरनं प्रत्येकीवर लाल रंगात 'गिरिजाक्का' असं लिहिलं. मी इचलकरंजीची, दुकानदाराची मुलगी. मी म्हटलं, "मामा, बरणीमागं थोडी अनामत ठेवून घ्या. म्हणजे आठवणीनं परत येतील."

मामांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी देवाच्या दर्शनाला तिकीट लावायला सांगितलं होतं. "गिरिजानं कधी कुणाकडनं अनामत घेतली? घरचं भांडं समजून न्या म्हणावं."

आणि गणपतीच्या आधीपासून, बरणी न्यायला येणाऱ्या प्रत्येक बाईला ते स्वतः उठून सांगायचे, "अनामत बिनामत काय न्हाई. तुमच्या अक्काचं भांडं हाय. घरचंच समजा." बायकांचे डोळे भरून यायचे. बरण्या भराभर गेल्या. मलाही वाटलं, माणसानं असंच वागावं.

दिवाळी झाली. फळीवर रिकाम्या बरण्या दिसायला हव्या होत्या, तिथं पाली फिरत होत्या. नवं लोणचं पिंपात तयार, पण द्यायचं कशातून? मार्गशीर्ष लागला तसे हे रोज मशीनवरची गोणपाटं झटकायला लागले. मामा सकाळी उठले की आधी फळीकडं बघायचे.

म्हणून एक दिवस मीच गावात फिरले. काय सांगू, प्रत्येक घरात बरणी डोळ्यांसमोर होती. धुतलेली, उन्हात वाळवलेली, मांडणीवर नीट पालथी घातलेली, नाव पुढं करून. एका घरात तर तिच्यापुढं हळदकुंकवाची कोयरी होती. पण मागितली की सगळ्यांचं एकच.

"देतो की. ह्या बाजारानंतर."

"आत्ताच द्या ना काकी, मी रिकामीच चाललेय."

"असं गं कसं? मीच आणून देतो."

आमच्या भागात बायका 'देतो, येतो' असंच बोलतात. मला वाटलं, बोलण्यात बायका गोड आणि देण्यात चिकट. बरणी शोभेची आहे, मांडणीवर दिसते छान, म्हणून दाबून ठेवताहेत.

खालच्या आळीत शेवटी हौसाक्काचं घर. एकटी बाई. रोजगाराला जायची. मोरी तुंबली तेव्हा सगळ्यात आधी पाणी तिच्या घरात शिरलं होतं आणि कणगीतलं धान्य भिजून गेलं होतं. दारात पावट्याचा वेल मांडवावर चढवलेला. बरणी दिव्याच्या कोनाड्यात होती, लख्ख.

"वेलाला शेंगा लागल्या की आणून देतो बग," ती म्हणाली.

"शेंगांचा काय संबंध, हौसाक्का? बरणी द्या की."

"लागतीलच गं आता. फुलोरा आलाय न्हवं का?" आणि तिनं मला हाताला धरून बाहेर नेलं आणि फुलं दाखवली. जणू त्यात माझं उत्तर होतं.

निघताना चुलीच्या तोंडाशी मला लोणच्याची पाच रुपयांची पाकिटं दिसली. दुसऱ्याच कुठल्या कंपनीची, फाडून चपटी केलेली, जाळ पेटवायला ठेवलेली. तिनं ती पदरानं झाकली. मला राग आला. आमची बरणी कोनाड्यात दाबून ठेवायची आणि लोणचं दुसऱ्याचं खायचं! घरी येऊन मी ह्यांना सगळं सांगितलं, वर तिची नक्कलही केली. "शेंगा लागल्या की देणार म्हणे!"

हे पोट धरून हसले. मग उठले आणि थेट ग्रामपंचायतीत गेले.

थोड्या वेळानं भोंगा खरखरला आणि गावभर ह्यांचा आवाज घुमला. "गिरिजाक्काच्या बरण्या ज्यांनी घरात दाबून ठेवल्या आहेत, त्यांनी उद्या सकाळपर्यंत आणून द्याव्यात. नाहीतर परवा ह्याच भोंग्यावरून नावं वाचून दाखवली जातील."

मामा शेतातून येत होते. त्यांनी ते वेशीपाशी ऐकलं. आल्यावर सोप्यात बसले, पाणी प्यायले. "बायकांच्या नावानं वरडलास," एवढंच म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "पर आणत्याल न्हवं?" त्यांचाही गावावरचा विश्वास उडाला होता, हे त्या प्रश्नात मला ऐकू आलं, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

सकाळी बरण्या आल्या. सडा टाकायच्या आतच पहिली आली, मग रांगच लागली. बायका येत होत्या, कट्ट्यावर बरणी ठेवत होत्या आणि मागं फिरत होत्या. "बसा की, चहा टाकते," म्हटलं तर नुसती मान हलवायच्या. एरवी आमच्या दारातून कुंकू लावल्याशिवाय न जाणाऱ्या बायका. एकजण तर म्हणाली, "मोजून घे बाई. आणि भोंग्यावर सांग, मिळाली म्हणून."

हौसाक्का सगळ्यांच्या शेवटी आली. तिनं बरणी कट्ट्यावर नाही ठेवली, माझ्या हातात दिली.

"कवळ्या हाईत," ती खालच्या आवाजात म्हणाली. "रागावू नगा."

काय कोवळं ते विचारायच्या आत ती निघून गेली होती.

हे खुशीत होते. "बघा अण्णा! भोंगा लागतो लोकांना. सरळ बोटानं तूप निघत न्हाई." ते बरण्या उचलून फळीवर लावायला लागले आणि दुसऱ्याच बरणीला थबकले. "जड का लागायला लागलीय?"

मी झाकण उघडलं. आत ज्वारी होती, निवडून पाखडलेली. पुढची उघडली, तूरडाळ. पुढची, गुळाचा खडा आणि मूठभर शेंगदाणे. एकीत लिंबं, एकीत लाल मिरच्या, एकीत पोहे. एकीत नुसती सुपारी आणि हळकुंड, कागदात गुंडाळून. ज्या घरात काल मी 'देतो की' ऐकून नाक मुरडलं होतं, त्या घरांच्या बरण्या मी एकामागून एक उघडत गेले. एकही रिकामी नव्हती.

शेवटी उरली ती हौसाक्काची. तिच्यात पावट्याच्या शेंगा होत्या. नखाएवढ्या. आत दाणा धरलेला नव्हता, टोकाला सुकलेलं फूल तसंच चिकटलेलं. तिनं अख्खा मांडव ओरबाडला होता आणि तरी बरणीचा तळही धड झाकला नव्हता.

घरचं भांडं समजून न्या, असं मामांनीच सांगितलं होतं. गावानं ते घरचंच समजलं होतं. शेजारघरातून पदार्थ आला तर ते भांडं रिकामं परत करायचं नसतं, हे आम्हाला काय कुणी शिकवायला हवं होतं? माझ्या आईला रिकामी वाटी परत पाठवताना मी कधी बघितलं नाही. आणि हे तर अक्काच्या नावाचं भांडं. ते रिकामं द्यायचं, तेही ती गेल्यावर, तिच्या सुनेच्या हातात! बरणीत घालायला घरात काही येईपर्यंत बायका थांबल्या होत्या. कुणी सुगी व्हायची वाट बघत होती, कुणी पोराची मनीऑर्डर यायची, कुणी, पाच रुपयांच्या पाकिटावर भागवत, वेलाला शेंगा लागायची.

"मग तसं सांगायचं की!" हे म्हणाले. आवाज मात्र चढला नाही.

"काय सांगायचं?" मी म्हटलं. "घरात मूठभर काही नाही म्हणून बरणी ठेवलीय, असं?"

मामा उठून आले. त्यांनी हौसाक्काच्या बरणीत हात घातला, दोन शेंगा तळहातावर घेतल्या आणि तिथंच कट्ट्यावर बसले. मी त्यांना सासूबाईंच्या मातीच्या वेळीही रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं.

पुढचा बाजार आला. फळीवर बरण्या ओळीनं उभ्या होत्या आणि दारात चिटपाखरू नव्हतं. बरण्या आल्या आणि गिऱ्हाईक गेलं. कुणी भांडलं नाही, कुणी टोमणा मारला नाही. पाणवठ्यावर मी गेले की बोलणं थांबायचं, एवढंच. ह्यांनी पैज जिंकली होती की हरली होती, ते त्यांनाच कळत नव्हतं. मशीनशेजारी बसून राहायचे, पण गोणपाट काढत नव्हते.

"आता?" शेवटी त्यांनी विचारलं.

"आता बरण्या भर," मामा म्हणाले. "निम्म्या भर, पर सगळ्या भर. गाडा आण."

"आणि घेतलं न्हाई कुणी तर?"

"आपल्या घरातनं भांडं रिकामं गेलं न्हाई, येवढं तरी हुईल."

हातगाड्यावर बरण्या रचल्या. मामा पुढं, मी बाजूनं बरण्यांना हात लावून, आणि गाडा ढकलायला हे. ज्या तोंडानं भोंग्यावर ओरडले ते तोंड घेऊन प्रत्येक दारात उभं राहायचं म्हणजे काय, ते त्यांच्या कानांकडं बघून कळत होतं. लालबुंद झाले होते. प्रत्येक दारात मामा एकच बोलायचे. "चुकलं आमचं. अक्काचं भांडं हाय, घ्या." काही बायकांनी लगेच घेतलं. काहींनी थोडं ताटकळत ठेवलं. भोंग्यावर सांग म्हणणारीनं ह्यांना चांगलं पाच मिनिटं झापलं आणि मग चहा दिला.

हौसाक्का मात्र घेईना. दारातला वेल उघडा पडला होता, नुसती पानं.

"नगो अण्णा. पुन्यांदा परत करायची येळ यील. दर खेपंला काय घालू मी त्यात?"

"वेल ओरबाडलास की गं," मामा म्हणाले.

"मग? अक्काच्या घराला रिकामं भांडं देऊ? माझं बाळ गेलं तवा माझ्या तोंडात पयला घास अक्कानं घातला."

मामांनी वेलाच्या पानांतून हात फिरवला.

"चार दाणं घाल," ते म्हणाले. "ज्वारीचं. चारच."

"चार दाणं म्हंजी रिकामंच की."

"रिकामं कसं? आमचा नवा संसार व्हता तवा घरात काय व्हतं? तुझ्या सासूचं ताट आमच्याकडं यायचं. गिरिजा त्यात चार दाणं घालूनच परत द्यायची. तुझी सासू कधी रिकामं म्हणली न्हाई."

"खरं?" हौसाक्का म्हणाली.

"तर! तुझ्या सासूला इचार."

"ती कुठं हाय आता इचारायला?" असं म्हणून हौसाक्का हसली, आणि हात पुढं करून तिनं बरणी घेतली. दुसऱ्या आळीत पोचेपर्यंत ती चार दाण्यांची गोष्ट आमच्या पुढं पोचली होती. "अक्का बी चारच घालायच्या म्हणं," एक बाई आम्हालाच सांगायला लागली.

गाडा रिकामा करून आम्ही परत फिरलो. हे गाडा घेऊन पुढं गेले. मी मामांच्या बरोबरीनं चालत होते.

"मामा, आत्ती खरंच चार दाणे घालायच्या?"

ते चालत राहिले. मोरी आली. पाणी सरळ वाहत होतं. तिथं ते थांबले.

"मला काय ठावं?" ते म्हणाले. "जन्मभर आमच्या घरातनं भांडी जायाची, यायाची. ती काय घालायची, तिला काय यायाचं... मी कधी झाकण उघडून बघितलं न्हाई."

त्यानंतर बरण्या फिरायला लागल्या. खुळखुळा वाजावा तशी प्रत्येक बरणी वाजत यायची. ते दाणे मी एका गाडग्यात साठवत गेले. ते चिमण्यांना घालणं मामांनी आपल्याकडं घेतलं. पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं सुटली, हेही सांगायला हवं. धंदा आटून पंचक्रोशीपुरता उरला आणि घर चालवायला ह्यांना पतसंस्थेत नोकरी धरावी लागली. मशीन विकलं. छापलेला उरलेला रोल कुणी घेईना. तो अजून माळ्यावर आहे. मध्ये साफसफाईला खाली काढला तर सासूबाई होत्या तशाच हसताहेत, कुंकू जरासुद्धा उडालेलं नाही. त्याचं काय करायचं ते आम्हाला अजून कळलेलं नाही.

माघात हौसाक्काचा वेल पुन्हा लागला. ती बरणी घेऊन आली ती शिगोशीग भरून, झाकणही बसत नव्हतं. मामांनी त्या दिवशी दोन वेळा पावट्याचीच आमटी खाल्ली.

आता मामा नाहीत, हौसाक्का नाही. बरण्या मात्र बऱ्याचशा टिकल्या आहेत. पेंटरच्या रंगाचं कितीसं आयुष्य? बायकांनी राखेनं, काथ्यानं घासून घासून नाव कधीच गेलं. नव्या बरण्यांवर आम्ही काही लिहिलंच नाही.

परवा खालच्या आळीतली एक नवी सून बरणी घेऊन आली. लग्न होऊन महिनाही झाला नसेल. दोन्ही बाजूंनी बरणी फिरवून बघत होती.

"काकी, हे भांडं कुणाचं वो? ह्याच्यावर नाव तर कायच न्हाई. आत्ती म्हणाल्या, देऊन ये, तर मी आलो."

मी झाकण उघडलं. आत ज्वारीचे चार दाणे होते.